दारू घेऊन जाय गे मारबत

अहो, बडग्या यंदाही निघाला. तुमच्या हाताशिवाय आपल्या गल्लीत कोणाला बांबू वाकवता येणार नाही असं तुम्हाला वाटायचं, तर तसं काही झालं नाही. थोडा तिरपा झाला, एक खांदा वर, एक खाली. नाक तर असं काढलं होतं की तुम्ही पाहिलं असतं तर ब्रश घेऊन मिरवणुकीच्या मागे धावला असता. पण निघाला. ढोल-ताशे वाजले, गुलाल उडाला, महाल भागातून इतवारीकडे गर्दी नेहमीसारखीच लोटली. तुम्हाला जाऊन दीड महिना होत आला. आता संध्याकाळ झाली आहे, गल्ली शांत आहे, आणि आज जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही. इतकी वर्षं माझं सांगणं ऐकायला तुम्हीच होतात, कधी शुद्धीत, कधी शुद्ध नसताना. म्हणून लिहायला बसले.

यंदा आपल्या घरी सण नव्हता. वर्ष व्हायचं आहे. पोळ्याला शेजारणींनी पुरणपोळ्या आणून दिल्या. एकीची जाड, एकीची करपलेली, एकीच्या पुरणात वेलदोड्याचा पत्ता नाही. तुम्ही असतात तर प्रत्येकीला नावं ठेवत सगळ्या संपवल्या असत्या. मला अर्धीसुद्धा गेली नाही.

लहानपणापासून मामांकडे नाशिकला वाढलेली माझी धाकटी बहीण सोबतीला आली आहे. तिला हे प्रकरण मुळापासून समजावून सांगावं लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बांबू-कागदाची ही एवढी मोठी बाई, एक पिवळी आणि एक काळी. तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ज्याला जे खुपतं त्याचे. कोणी महागाईचा करतो, कोणी लाचखाऊ साहेबाचा. रस्ताभर लोक ओरडतात, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत, आणि मग सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. बहीण म्हणाली, "आणि जाते का गं ईडा-पीडा खरंच?" मी म्हटलं, "तुमच्याकडे गोदावरीत बुडी मारल्यावर जाते का?" मग मलाच वाईट वाटलं. बिचारी माझ्यासाठी घर सोडून आली आहे.

आपल्या दोघांचं ओरडणं तिला माहीत नव्हतं, तेही सांगितलं. लग्न होऊन मी या गल्लीत आले ते पहिलं वर्ष. मी भंडाऱ्याची, कॉर्पोरेशनच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर, बोटांना कायम टर्पेंटाइनचा वास. मिरवणूक दारावरून चालली होती आणि बायका आपापल्या उंबऱ्यातून ओरडत होत्या. कोणी खोकला म्हणे, कोणी खरूज म्हणे. मी तोवर तुमचं पिणं पाहिलं होतं, आणि ते बोलायला मला या घरात कोणी नव्हतं. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "दारू घेऊन जाय गे मारबत!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवी सून आणि हा आवाज! तुमच्या खांद्यावर बडग्याचा बांबू होता. तुम्ही थांबलात, वळलात, आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडलात, "मास्तरीण घेऊन जाय गे मारबत!" लोक असे हसले की ढोलवाल्यांचा ठेका चुकला.

तेव्हापासून ती आपल्या गल्लीची रीतच होऊन बसली. दरवर्षी बडग्या आपल्या दाराशी आला की ढोल थांबायचे, आधी मी, मग तुम्ही, मग हशा, मग मिरवणूक पुढे. आपल्याला मूलबाळ झालं नाही, पण दुसऱ्यांची मुलं खांद्यावर बसून आपलं भांडण बघायला यायची. लोकांना ती गंमत वाटे. मी मात्र दरवर्षी खरंच ओरडत होते हो. हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

तुम्ही काही मारहाण करणारे नव्हतात. मोहाची दारू पिऊन यायचात, जेवायचात, हसायचात आणि भिंतीला टेकून झोपायचात. शेजारणी म्हणत, "तुमचे बरे, त्रास तरी नाही." त्रास नाही म्हणे! इतवारीतल्या कापडाच्या दुकानाची अर्धी पाटी रंगवून तुम्ही शिडीच्या पायथ्याशी झोपलात आणि दोन दिवस ते दुकान नुसतं 'वस्त्र' म्हणून ओळखलं गेलं, त्यावर मीही हसले. पण माझ्या आईच्या तेराव्याला तुम्ही पिऊन आलात. पंगतीत बसून माझ्या भावाला मोठमोठ्यानं विचारत होतात, "आई कुठं आहे? दिसून नाही राहिली!" त्यावर मी कधी बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत. तुम्हाला ते आठवतच नव्हतं, की आठवत होतं म्हणून त्यानंतर माझ्या माहेरच्या देवाला तुम्ही दरवर्षी न सांगता नारळ फोडायला जायचात, हे आता कोणाला विचारू?

मग ते लघवीचं सुरू झालं. पुन्हा पुन्हा जायचात, आणि जाऊन मोरीत उभेच राहायचात. मी बाहेरून म्हणायची, "अहो, झोप लागली की काय?" तुम्ही आतून म्हणायचात, "नाही वं, पाटी रंगवून राहिलो." गल्लीतल्या कट्ट्यावरही चेष्टा. "पेंटरचा नळ बिघडला गा!" तुम्हीच सर्वांत मोठ्यानं हसायचात. पिणारा माणूस, जास्त पितो म्हणून जास्त जातो, यात कोणाला काही नवल वाटलं नाही. कोपऱ्यावरचे वैद्य म्हणाले, पिणं सोडा, आपोआप बरं होईल. मीही तेच म्हणत होते. तुम्हीही तेच म्हणत होतात. साऱ्या जन्मात एवढी एकच गोष्ट अशी निघाली की तिच्यावर आपलं दोघांचं एकमत झालं.

आणि तुम्ही सोडलीत. ते वर्ष मी विसरणार नाही. आपल्या गल्लीची रीत आहे, जे जावंसं वाटतं त्याचं काहीतरी बडग्याला बांधायचं. तापकऱ्याचा सदरा, खोकलेकऱ्याचा मफलर. तुम्ही त्या वर्षी दारुड्याचा बडग्या केलात, स्वतःच्या हातानं. त्याला स्वतःचा रंगाचे डाग पडलेला सदरा घातलात आणि हातात स्वतःची बाटली बांधलीत, पक्क्या सुतळीनं. चेहरा असा हुबेहूब काढलात की लोक एकदा त्याच्याकडे बघत, एकदा तुमच्याकडे. दाराशी आल्यावर मी ओरडले, "दारू घेऊन जाय गे मारबत!" आणि तुम्ही ओरडला नाहीत. नुसती मान हलवलीत, जाते म्हणून. मी आत येऊन पदरात तोंड घालून रडले. बायका म्हणाल्या, मास्तरीणबाईंचं देवीनं ऐकलं.

त्यानंतर तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. हे मी कोणाच्याही पुढे सांगेन. हात थरथरायचे, रेघ वाकडी जायची, तरी नाही. नामदेव भाऊजी, तुमचा सख्खा धाकटा भाऊ, जन्मभराचा पिण्यातला सोबती, शेजारच्या खोलीत बसून पीत, आणि तुम्ही इकडे माझ्यासोबत ज्वारीची भाकरी खात. मला वाटायचं, देवा, आता मला काही नको.

मोरीत उभं राहणं मात्र थांबलं नाही. आपण म्हणालो, एवढ्या वर्षांची दारू, अंगातून जायला वेळ लागणारच. मग कंबर दुखायला लागली. आपण म्हणालो, दारू सुटली की अंग दुखतंच. शिडीवर चढवेना. आपण म्हणालो, अंगातली ताकद दारूवरच होती, येईल हळूहळू. दारू होती तोवर सगळं दारूमुळे आणि दारू गेल्यावर सगळं दारू गेल्यामुळे. मी रोज कंबरेला तेल लावून शेकायची आणि तुम्ही पालथे पडून म्हणायचात, "दारूचं भूत निघून राहिलं वं मास्तरीण, जोरानं चोळ." मी जोरानं चोळायची. तिथे आत हाडापर्यंत काय पोचलं होतं, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मला तरी कुठून ठाऊक असणार?

पुढच्या मारबतीला तुम्ही अर्ध्या वाटेतून परत आलात. त्याच महिन्यात एका सकाळी लघवी पुरतीच बंद झाली. रिक्षात तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली. दवाखान्यात नळी घातली, तपासलं, फोटो काढले, आणि त्या तरुण डॉक्टरांनी कॅन्सर ज्या जागी होता तिचं नाव सांगितलं. प्रोस्टेट. मी जन्मभर मुलांना आरोग्यशास्त्र शिकवलं, हृदय, फुप्फुस, जठर, आतडी. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्हाला आठवतो का आपला तक्ता? माझ्या वर्गासाठी तुम्ही शरीराचा रंगीत तक्ता करून दिला होता. लाल हृदय, गुलाबी फुप्फुसं, आतड्यांची वेटोळी तर इतकी सुरेख की तपासणीला आलेले साहेब बघत राहिले. आणि शाळेत मुली आहेत म्हणून कमरेखाली तुम्ही त्या माणसाला निळी चड्डी घातली होती. डॉक्टर गेल्यावर तुम्ही खाटेवरून म्हणालात, "मास्तरीण, आपल्या तक्त्यावर हे चड्डीच्या आत होतं वं." मी हसले, आणि मग मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. नर्स येऊन रागावून गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारलंत, "साहेब, दारूनं झालं का हे?" डॉक्टर म्हणाले, "काका, खरं सांगायचं तर सांगता येत नाही. म्हातारपणी न पिणाऱ्यांनाही हा होतो. दारूचा संबंध असेलही, नसेलही. आज तरी कोणाला नक्की माहीत नाही. सोडलीत ते मात्र चांगलं केलंत." तुम्ही माझ्याकडे असे वळलात जणू कोर्टाचा निकाल लागला. "ऐकलं का वं? दारू निर्दोष सुटली!" मी म्हटलं, "निर्दोष नाही, पुरावा नाही म्हणून सुटली." शेजारच्या खाटेवर काटोलकडचे एक म्हातारे होते, तोच आजार, आणि जन्मात चहासुद्धा न घेतलेले. तुम्ही त्यांना साक्षीला बोलवायचात. "सांगा बाप्पा हिले, तुम्ही कोणती पेत होते?" ते बिचारे म्हणायचे, "ताक." रोज हेच. त्या खोलीत चांगलं असं एवढंच होतं.

तुम्हाला ते भांडण आवडत होतं, पण मला त्याचं उत्तर हवं होतं हो. तुम्ही झोपलात की मी बाहेर जाऊन डॉक्टरांना पुन्हा विचारायची. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही नुसतं हो म्हणा. दारूनंच झालं म्हणा." ते म्हणाले, "मावशी, म्हणून तुम्हाला बरं वाटेल का?" मी म्हटलं, "हो." कारण दारूनं झालं असतं तर माझं सगळं ओरडणं बरोबर ठरलं असतं, आणि मला रागवायला कोणीतरी मिळालं असतं. खोलीत आले, तुमचं तोंड पाहिलं, आणि वाटलं, नको, दारूनं झालेलं नको. मग हे सगळं तुम्हीच ओढवून घेतल्यासारखं होईल. दोन्ही उत्तरं मला नको होती आणि उत्तराशिवाय राहवतही नव्हतं. अजून तसंच आहे.

ऑपरेशन कशाचं ते डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं आणि भाऊजींनी मला सांगितलं, भिंतीकडे बघत. पुरुषपण काढून टाकायचं, म्हणजे आजाराला खायला मिळणार नाही. तुम्ही त्यावर माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. सही केलीत, तुमच्या त्या सुबक अक्षरात, आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर दुखणं ओसरलं. काही महिने तुम्ही ओट्यावर बसून पाट्यासुद्धा रंगवल्यात. पण माझ्यासमोर सदरा बदलेनासे झालात. मला म्हणायचं होतं की मला कशाचंही काही वाटत नाही, तुम्ही इथे बसलेले दिसता एवढं मला पुरतं. रोज म्हणायचं ठरवायची आणि रोज विचारायची, "चहा टाकू का?" तुम्हीही रोज म्हणायचात, "टाक."

गेल्या वर्षीची मारबत तुम्ही ओट्यावरून पाहिलीत, उशीला टेकून. बडग्या दाराशी आला, ढोल थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. दारू तर घरातून गेली होती. मी काय न्यायला सांगणार? त्या आजाराचं नाव उंबऱ्यात उभं राहून घेण्याची माझी हिंमत झाली नाही. मी गप्प राहिले. मग तुम्हीच ओरडलात, बारीक आवाजात, "मास्तरीण घेऊन जाय गे मारबत!" लोक हसले, पण जपून हसले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वाट पाहत होतात ना?

थंडीत दुखणं परत आलं. आषाढात तुम्ही गेलात. त्या दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. शेवटी शेवटी कुशीवर वळवतानासुद्धा तुम्ही ओरडायचात, आणि मी तुम्हाला कुठे हात लावू हे मला कळायचं नाही.

तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच बोलतो. बसतो, पाणी पितो, सुस्कारा टाकतो. "दारूनं घात केला." कट्ट्यावरचे लोक, ज्यांच्या तोंडाला वास येत असतो तेसुद्धा. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुम्ही सोडली होती, हे कोणाच्या लक्षातच नाही. जन्मभर प्यायलात ते साऱ्यांना दिसलं, शेवटची वर्षं मोजायला कोणी तयार नाही.

पोळ्याच्या आठवडाभर आधी मंडळाचा सुधाकर चार जणांना घेऊन आला. म्हणाला, "काकू, यंदा दारूचा बडग्या करून राहिलो. पेंटर काकाच्या आठवणीत. गळ्यात पाटी टाकू, दारूनं कॅन्सर होते म्हणून. काकाचं नाव बी टाकू. लोकं शहाणे होतीन. तुम्ही फक्त हो म्हणा."

खरं सांगते, मला क्षणभर आनंद झाला. एवढी वर्षं मी एकटी ओरडत होते, आता सगळी गल्ली माझ्या बाजूनं ओरडणार. आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यांपुढे आलं की तो पुतळा तुमच्याच दारासमोर थांबेल, गळ्यात तुमचं नाव, आणि लोक म्हणतील घेऊन जाय, आणि तो जळेल. एकदा तुम्हाला जाळून आलोच आहोत. मी म्हटलं, उद्या सांगते.

संध्याकाळी भाऊजी आले. त्या दिवशी प्यायलेले नव्हते, म्हणजे खूपच घाबरलेले असणार. ओट्याच्या कडेला बसले आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "वहिनी, दादा पेत होता, मी बी पेतो. मले बी होईन का?"

मी म्हटलं, "भाऊजी, मला माहीत नाही."

"सगळे तर म्हणून राहिले, दारूनंच झालं म्हणून."

"सगळ्यांना काय जातं म्हणायला? डॉक्टरांनाही माहीत नाही. दारूनं बाकी काय काय होतं ते तुम्ही-आम्ही रोज बघतो, सोडायला तेवढं पुरे आहे. पण एक विचारते. तुम्हाला लघवीला काही त्रास आहे का?"

ते लालबुंद झाले. वहिनीनं असं विचारावं? उठून जायला निघाले. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. आयुष्यात पहिल्यांदा दिराला हात लावला. "भाऊजी, लाजू नका. असेल तर उद्याच्या उद्या दवाखान्यात चला. दारूनं होतं, दारू सोडली की जाईल, असं मला सांगू नका. ते ऐकत मी एक माणूस घालवला."

ते खाली बसले आणि रडायला लागले. त्रास आहे की नाही ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. तुमचेच भाऊ.

दुसऱ्या दिवशी मी सुधाकरला म्हटलं, "दारूचा बडग्या करा, जरूर करा. या घरानं तिला पुष्कळ भोगलं आहे. पण काकांचं नाव नको, आणि आजाराचं नावही नको."

"काहून काकू? लोकायले कळलं पायजे ना."

"कारण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. तिचे स्वतःचे गुन्हे काय कमी आहेत? आणि लोकांना कळायलाच हवं असेल तर पाटीवर लिहा, लघवीला त्रास झाला तर लाजू नका, डॉक्टरकडे जा. मी लिहून देते, मोठ्या अक्षरात."

पाचही जण आपापल्या चपलांकडे बघायला लागले. एकाला हसू आलं, त्यानं खोकल्यात लपवलं. असली पाटी गळ्यात घातलेला बडग्या इतवारीतून कोण नेणार? "बघतो काकू," म्हणाले आणि गेले. पाटीवर शेवटी नुसतं 'दारुडा' लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात. तुम्ही असतात तर निदान अक्षर तरी धड असतं.

आज दुपारी तो दाराशी आला. तुमच्या जागी बांबू भाऊजींच्या खांद्यावर होता. सकाळीच घेतली असावी, पाय ठरत नव्हते. बहीण माझ्या शेजारी उभी होती, माझा दंड धरून. ढोल थांबले. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीनं थांबले. सगळी गल्ली माझ्या दाराकडे बघत होती. मुलं खांद्यावर, बायका खिडक्यांत. बहीण कानात म्हणाली, "ओरड गं ताई, सगळे थांबलेत."

मी तोंड उघडलं. दारू म्हणवेना. ती तर कधीच गेली होती आणि जाताना माझ्या हाती काय ठेवून गेली? आजाराचं नाव घ्यावं तर तो ज्याला न्यायचं त्याला नेऊन बसला आहे. त्या तिरप्या बडग्याच्या हातातली बाटली हलत होती. तुमच्या जागेवरून कोणीच ओरडणार नव्हतं. मग मीच ओरडले, तुमचं.

"मास्तरीण घेऊन जाय गे मारबत!"

कोणी हसलं नाही. भाऊजींनी बांबूवर कपाळ टेकवलं. बहिणीनं मला आत ओढायला सुरुवात केली, पण मी चौकट सोडली नाही. थोड्या वेळानं कोणीतरी ढोलवाल्याला खूण केली, ठेका सुरू झाला, आणि बडग्या एक खांदा वर, एक खाली असा गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासा झाला.

बघा, तुम्ही एवढी वर्षं सांगत होतात, आज मीही सांगितलं, तरी तिनं मला नेलं नाही. आणि तुम्हाला ने असं मी तिला कधी म्हटलं होतं हो? मी तर फक्त दारू म्हटलं होतं.